गाळलेला जुलै

फोन आला तेव्हा मी हॉस्पिटलच्या तळघरात माझ्या नेहमीच्या अंधाऱ्या खोलीत कुणाच्या तरी फुप्फुसांची फिल्म उजेडावर लावून बसलो होतो. सुधावहिनींचा आवाज रोजच्यासारखाच होता, येताना भाजी आणा म्हणून सांगावं तसा. "भावजी, हे गेले. चहा अर्धा घेतला, कप खाली ठेव म्हणाले. मी ठेवून वळले, तर..." मी "येतो" म्हटलं आणि फोन ठेवला. त्या क्षणी मनात जे पहिलं आलं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ते दुःख नव्हतं. सुटलो, असं आलं. अण्णा सुटले असं नव्हे... मी सुटलो. दुःख मागाहून आलं, गाडीत, पिस्कॅटवेचा एक्झिट चुकून पुढे गेल्यावर. पण पहिला नंबर सुटकेचा होता, हे आता लिहून टाकतो. आमच्या मंडळाच्या अंकाने अण्णांवर लिहा म्हटलं, तेव्हा हे वगळून चार बऱ्या गोष्टी लिहिता आल्या असत्या. वगळण्यात माझा हात चांगला बसलेला आहे. म्हणूनच वगळत नाही.

अण्णा गद्रे इथे आले ते पन्नासच्या सुमारास, मी सांगलीत अजून पाटीवर लिहीत होतो तेव्हा. केमिस्ट्री शिकायला मध्य-पश्चिमेतल्या एका लहान गावात आले. त्या गावात दुसरा भारतीय माणूस नव्हता, डाळ मिळत नव्हती आणि लोक काय बोलतात ते कळत नव्हतं. एका म्हाताऱ्या विधवेच्या घरी माडीवरची खोली भाड्याने घेतली होती. तिच्या स्वयंपाकघरात रेडिओ होता आणि संध्याकाळी त्यावर गावच्या बेसबॉल संघाची मॅच लागायची. संघ व्यावसायिक, पण अगदी खालच्या लीगमधला. उन्हाळाभर खेळायचं आणि हिवाळ्यात पेट्रोल पंपावर काम करायचं असले खेळाडू. त्या संघाचं नाव आज त्या गावातही कुणाला आठवत नसेल. पण अण्णांना त्या एका वर्षाचा, एप्रिल ते सप्टेंबर, सगळा सीझन पाठ होता. "मी इंग्रजी त्या रेडिओवर शिकलो," ते म्हणायचे, "म्हणून माझ्या इंग्रजीत क्रियापदं कमी आणि आरडाओरडा जास्त."

मी त्यांना भेटलो तेव्हा ते रंगाच्या एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते आणि त्यांच्या घरी दर रविवारी आमच्यासारखी नवी कुटुंबं जमायची. वहिनींना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे सगळ्यांची पोरं त्यांचीच. थँक्सगिव्हिंग झालं की खाली बेसमेंटमध्ये अण्णांचा सीझन सुरू व्हायचा. दर रविवारी एक-दोन मॅचेस, क्रमाने, थेट पाडव्यापर्यंत. गोष्ट सांगितल्यासारखं नाही, मॅच आत्ता चालू आहे असं. ह्यात एक मेख होती आणि ती अण्णांना त्याच वर्षी कळलेली. परगावच्या मॅचला कॉमेंटेटर मैदानावर जायचाच नाही. तेवढे पैसे त्या स्टेशनकडे नव्हते. तो गावातच स्टुडिओत बसायचा, तारेने दर चेंडूचे दोन-तीन शब्द यायचे, आणि त्यावरून तो ऊन, धूळ, पंचाचं पोट, सगळं रचून सांगायचा. चेंडू बॅटवर बसला की पेन्सिल लाकडावर आपटायची: टक. घरमालकिणीचा भाऊच तो कॉमेंटेटर. तिने एकदा सफरचंदाचा गोड 'पाय' भाजून तो द्यायला अण्णांना स्टुडिओत पाठवलं, तेव्हा काचेपलीकडे हा माणूस बनियनवर बसून एका चिठोऱ्याकडे बघत आनंदाने ओरडतोय, हे त्यांनी पाहिलं. "फसवणूक वाटली नाही तुम्हाला?" मी विचारलं होतं. "छे. मला वाटलं, हे आपलंच की. आपले कीर्तनकार कुठे लंकेला गेलेले असतात?"

आमच्या बेसमेंटात पेन्सिलीचा आवाज पोचेना, म्हणून अण्णा वहिनींचं पोळपाट-लाटणं खाली आणायचे. लाटण्याचं टोक पोळपाटाच्या कडेवर. टक म्हणजे साधा फटका, जोरात टाक् म्हणजे होम रन, आपला षटकार. अर्ध्या तासाने वरून हाक यायची, "अहो, तुमची बॅट वर पाठवा, माझ्या पोळ्या खोळंबल्यात." अण्णा मायक्रोफोनसारखी मूठ तोंडाशी धरून म्हणायचे, "मैदानावर थोडा व्यत्यय आलेला आहे."

त्या सीझनमधल्या काही गोष्टी आमच्या पोरांना रामायणापेक्षा चांगल्या येतात. पहिल्याच मॅचला एप्रिलमध्ये बर्फ पडला, आणि बाहेरच्या फील्डरने चेंडू समजून बर्फाचा गोळा फेकला आणि पंचाने एक माणूस बाद दिला. एका लांब रविवारी लागोपाठ दोन मॅचेस होत्या. इतर बोलर हॉटेलचं सॅलड खाऊन आडवे झाले, तेव्हा संघातला सर्वांत म्हातारा डावखुरा बोलर दोन्ही मॅचेस टाकून गेला आणि दुसरी संपल्यावर तिथेच मैदानावर बसून बूट काढून पायांकडे बघत राहिला. आणि माझी सर्वांत आवडती. जुलैतली मॅच, चेंडू उंच हवेत असताना मैदानावरचे दिवे गेले. सगळं गाव काळोखात. दिवे परत आले तेव्हा मधला फील्डर चेंडू ग्लोव्हमध्ये धरून उभा होता. त्याने झेलला की उचलला, कुणी पाहिलं नव्हतं. पंचाने जवळ जाऊन त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि बाद दिलं.

आणि तार तुटण्याची गंमत. क्रिकेटवाल्यांसाठी सांगतो: बेसबॉलमध्ये चेंडू रेषेबाहेर तटवला की तो फाउल, आणि दोन स्ट्राइक, म्हणजे हुकलेले चेंडू, पडलेले असले (तिसऱ्याला बाद) तर फाउलवर फाउल मारत बॅट्समन कितीही वेळ उभा राहू शकतो. काही मोजलं जात नाही, काही बदलत नाही. त्यामुळे तारेत बिघाड होऊन बातमी यायची थांबली की कॉमेंटेटर बॅट्समनला फाउल मारायला लावायचा. टक, फाउल. टक, पुन्हा फाउल. तार जोडली जाईपर्यंत. आमच्याकडे शब्दच पडला होता. कुणी उत्तर टाळायला लागला की पोरं म्हणायची, "काका, यू आर हिटिंग फाउल्स."

सीझन नेहमी शेवटून दुसऱ्या मॅचवर थांबायचा. ती आपण जिंकलेली. "आणि शेवटची?" विचारलं की अण्णा म्हणायचे, "पुढच्या वर्षी."

गेल्या वसंतात अण्णा पोटदुखीची तक्रार घेऊन आमच्या हॉस्पिटलात आले. ती फिल्म मी वाचली. माझ्या धंद्यात पेशंटशी बोलावं लागत नाही. सावली कुठे आहे, केवढी आहे हे टेपवर सांगायचं, पुढचं दुसऱ्याने बघायचं. मी हा धंदा त्याचसाठी घेतला असं माझी बायको म्हणते. त्या दिवशी मी फिल्म उतरवून पुन्हा लावली, पुन्हा उतरवली. बाहेर अण्णा बाकावर बसले होते. "काय दिसलं?" "सर्जनला दाखवू," मी म्हटलं. तो पहिला फाउल.

ऑपरेशन झालं म्हणजे उघडून बंद केलं. सर्जनने मला आणि वहिनींना बाजूला घेऊन सांगितलं. वहिनी रडल्या नाहीत. कॉफीच्या मशीनपाशी माझा कोपर घट्ट धरून म्हणाल्या, "भावजी, ह्यांना सांगायचं नाही. माझ्या वडिलांना डॉक्टरने तोंडावर सांगितलं होतं. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं ते फिरवलंच नाही. आठवड्यात गेले, आजाराने नाही, ऐकून गेले. अल्सर आहे म्हणायचं. वचन द्या." मी दिलं. इथे पेशंटला सगळं सांगतात, त्याचा तो हक्क असतो, हे मला काय कुणी शिकवायला हवं होतं? पण त्या क्षणी मी इथला डॉक्टर नव्हतो, त्यांचा भावजी होतो. सर्जनला म्हटलं, आमच्यात घरचे सांगतात, वेळ बघून. तो म्हणाला, "मी आपणहून काढणार नाही. पण त्याने विचारलं, तर मी खोटं बोलणार नाही." अण्णांनी काही विचारलेलं आमच्या कानावर आलं नाही. आम्ही दोघांनी निःश्वास सोडला.

मग तो उन्हाळा. मी रोज संध्याकाळी जायचो आणि रोज खोटं बोलायचो. अल्सर भरायला वेळ लागतो. टाके ओढतात. घरी येऊन जेवण जायचं नाही. ज्या माणसाने मला ह्या देशात पहिल्या हिवाळ्यात कोट दिला, माझ्या वडिलांची तार आली तेव्हा मला विमानात बसवून दिलं, त्याला त्याच्याच पोटात काय आहे ते मी सांगत नव्हतो. त्याला कुणाला काही बोलायचं असेल, काही आवरायचं असेल... ते सगळं मी हातातून काढून घेतलं होतं. आणि वहिनींचा चेहरा पाहिला की तोंड उघडत नव्हतं.

ऑपरेशननंतर घरी येताच अण्णांनी सीझन सुरू केला. मे महिन्यात. पोरांना मजा वाटली, उन्हाळ्यात कधी नव्हे ती बेसबॉल. बर्फाचा गोळा झाला, सॅलड झालं. मग एका रविवारी जूनची शेवटची मॅच संपली आणि पुढच्या वाक्याला त्यांनी म्हटलं, "ऑगस्टचा पहिला रविवार. कडक ऊन." माझी मुलगी नेहा बारा वर्षांची आहे आणि तिला सगळं पाठ आहे. ती ताबडतोब म्हणाली, "अण्णाकाका, यू स्किप्ड जुलै. दिवे गेले ती मॅच कुठे गेली?"

"जुलैत फार उकडत होतं," अण्णा म्हणाले. "लोकांनी रेडिओ बंद ठेवले होते."

सगळे हसले. मीही हसलो. वर स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज मधेच थांबला होता, हे मला आता आठवतं.

त्याच आठवड्यात एका दुपारी मी गेलो तेव्हा अण्णा मागच्या डेकवर खुर्चीत होते, ऑगस्टच्या उन्हात अंगात स्वेटर. वहिनी बाजारात गेलेल्या. लाटणं त्यांच्या मांडीवर होतं, हल्ली ते त्यांच्यापाशीच असायचं.

"वजन का उतरतंय रे?" त्यांनी विचारलं.

"दूधभातावर आहात. उतरणारच."

खुर्चीच्या हातावर लाटणं वाजलं. टक.

"आणि पाठ का दुखते?"

"पडून पडून दुखते. थोडं चाला."

टक.

"आणि तू माझ्याकडे का बघत नाहीस?"

"ऊन डोळ्यांवर येतंय," मी म्हटलं.

टक. शेजारच्या अंगणात कुणीतरी गवत कापत होतं. "किती फाउल मारशील, दिलीप?" ते म्हणाले. "तार केव्हाच जोडली गेली."

ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी, आम्ही कोणी नसताना, त्यांनी सर्जनला विचारलं होतं. त्याने सांगितलं होतं. सगळा मे, जून, जुलै ते माझे अल्सर ऐकून घेत होते.

मी रडलो. पंचेचाळिशीचा माणूस, त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून. ते माझ्या पाठीवर लाटण्याने हळू थापटत होते. "मला राग नाही आला, गंमत वाटली," ते म्हणाले. "तू इतका वाईट कॉमेंटेटर असशील असं वाटलं नव्हतं." मग म्हणाले, "फक्त सुधाला कळू देऊ नकोस, मला माहीत आहे ते. मला माहीत नाही ह्या एका गोष्टीवर ती उभी आहे. आणि अजून एक काम कर. तिला हायवेवर गाडी शिकव. टर्नपाइकवर चढायची वेळ आली की ती डोळे मिटते."

म्हणजे आता माझ्याकडे दोन वचनं झाली. एक वहिनींना दिलेलं, जे मी मोडलं होतं, आणि एक अण्णांना, जे पाळायचं तर वहिनींच्या तोंडावर रोज नव्याने खोटं बोलायला हवं होतं. पण खरं सांगू? त्या दुपारनंतर मला जेवण जायला लागलं. आम्ही दोघं डेकवर बसून वाटेल ते बोलायचो. घर विकायचं की नाही, वहिनींच्या बहिणीला बोलवायचं का, अस्थी कुठल्या नदीत सोडायच्या. अण्णा म्हणाले, "त्या गावातल्या नदीत नको, इथल्याच. तिकडची नदी हिवाळ्यात गोठते, मी काठावरच अडकेन." आणि शनिवारी सकाळी मी वहिनींना टर्नपाइकवर न्यायचो. "अण्णांना सध्या गाडी झेपत नाही ना," मी सांगायचो. त्या समोर बघत म्हणायच्या, "हो ना, अल्सर." ट्रकांच्या रांगेत शिरताना त्यांचे हात पांढरे पडायचे, पण डोळे त्यांनी एकदाही मिटले नाहीत.

गणपती झाल्यावरच्या रविवारी अण्णांनी शेवटची मॅच सांगितली. आवाज बारीक झाला होता, पोरं जवळ सरकून बसली होती. वहिनी जिन्याच्या पायरीवर येऊन बसल्या, कणकेचे हात तसेच. आजवर कधी खाली आल्या नव्हत्या. पोळपाट अण्णांच्या मांडीवर. परगावची मॅच, ही जिंकली तर सीझनचं अजिंक्यपद. त्या संध्याकाळी अण्णा स्वतः स्टुडिओत होते, सफरचंदाचा 'पाय' पोचवायला गेलेले. शेवटची इनिंग, एक धाव हवी, दोन माणसं बाद, समोर आपला सर्वांत चांगला बॅट्समन. दोन स्ट्राइक. आणि तार तुटली.

टक. फाउल. टक. फाउल. अण्णा एकेक चेंडू सांगत होते, प्रत्येक वेगळा. एक प्रेक्षकांत गेला आणि एका बाईच्या टोपीत पडला. एक पंचाच्या पायावर. मग अण्णा थांबले. "आणि तार जोडली गेली. खडखड करत चिठोरं बाहेर आलं. त्याने वाचलं. मी काचेतून त्याचा चेहरा बघत होतो. मॅच केव्हाच संपली होती. आपण हरलो होतो. त्याने कागद उलटा ठेवला, पाण्याचा घोट घेतला, आणि म्हणाला..." लाटणं पोळपाटावर आलं. टक. "फाउल."

"बट ही न्यू," नेहा म्हणाली.

"हो. त्याला माहीत होतं."

"दॅट्स लाइंग, अण्णाकाका."

"असेल," अण्णा म्हणाले. "पण गावात सगळी माणसं जेवायला बसली होती. त्यांच्या तोंडातला घास खाली उतरेपर्यंत तो थांबला. आणखी दोन-तीन फाउल, जास्त नाही. मग त्याने सांगितलं. नीट सांगितलं, काही लपवलं नाही." त्यांनी लाटणं पोळपाटावर आडवं ठेवलं. "घरी गेलो तर म्हातारी भांडी विसळत होती. म्हणाली, चांगला सीझन झाला. बस्स, एवढंच."

वहिनी उठून वर गेल्या. त्यानंतर दोन आठवड्यांनी तो फोन आला.

दिवस झाले, पाहुणे गेले. मला मात्र पुन्हा जेवण जाईना. ज्या बाईने कॉफीच्या मशीनपाशी माझा कोपर धरला होता, तिच्याशी मी दुहेरी खोटं बोललो होतो, आणि आता ते कायमचं माझ्याकडेच राहणार होतं. शेवटी मागच्या शनिवारी गेलो. वहिनी स्वयंपाकघरात कणीक मळत होत्या. मी खुर्चीत बसलो आणि उभे राहून सांगायच्या गोष्टी बसून सांगितल्या. वचन मोडलं ते. अण्णांना सगळं माहीत होतं ते. त्यांनी मला गप्प राहायला सांगितलं ते.

वहिनींचे हात थांबले नाहीत. "भावजी," त्या म्हणाल्या, "ज्या माणसाने चोवीस वर्षांत एक इनिंग गाळली नाही, त्याने आख्खा जुलै गाळला. मला तेव्हाच कळलं. शेवटपर्यंत पोचायची घाई होती त्यांना."

त्यांनी परातीत थोडं पाणी शिंपडलं.

"आणि तुम्ही मला टर्नपाइकवर नेलंत. कुणाच्या नवऱ्याला अल्सर झाला म्हणून बायकोला हायवे शिकवतात का?"

"मग बोलला का नाहीत?"

"कुणाला? ते मला सांभाळत होते, सांभाळू दिलं. शेवटच्या मॅचला पायरीवर येऊन बसले ना मी. त्यांनी माझ्याकडे बघितलं होतं, तुम्ही खाली मान घालून बसला होता. आमचं बोलणं झालं तेव्हाच." त्यांनी गोळा हातात घेतला. मग पहिल्यांदाच हसल्या, डोळे पुसायला हात मोकळे नव्हते म्हणून खांद्याला गाल घासत. "तुम्हीच एकटे मधे उन्हाळाभर घामाघूम."

ते ऐकून मी हसायला लागलो. आणि कोपर धरलेल्या त्या दिवसापासून छातीवर जे काही बसलं होतं, ते उठून गेलं. इतकं सोपं, की राग यावा.

अण्णांचं पोळपाट मी त्या दिवशी नीट पाहिलं. कडेला सगळे खळगे पडलेत, एकीकडे तर लाकूड चांगलंच बसलंय, सगळे होम रन तिथले. वहिनींनी नवं घेतलेलं नाही. त्यांनी पीठ भुरभुरवलं, ते खळग्यांत बसलं. पोळी मोठी करायची म्हणजे ती कडेपर्यंत जाते, आणि तव्यावर पडली की एका बाजूला त्या खळग्यांचे ठसे दिसतात, फुगताना आधी तिथे फुगते. मी किती वर्षं त्या पोळ्या खाल्ल्या असतील, कधी पाहिलं नव्हतं.

"गरम घ्या," वहिनी म्हणाल्या. पुढचा गोळा ठेवण्याआधी लाटण्याला चिकटलेली कणीक झाडायला त्यांनी ते पोळपाटाच्या कडेवर एकदा आपटलं.

टक. मग मी पोळीचा घास घेतला, आणि तो नीट खाली उतरला.